श्राद्धाच्या दिवशी बांधलेली दोरी

ही घटना खरी आहे. मी तिथे होतो. जेवढं पाहिलं आणि ऐकलं, तेवढंच लिहितोय. ते का घडलं हे मला आजही माहीत नाही.

गेल्या ऑगस्टमधली एक संध्याकाळ. जिरीसान डोंगराच्या पायथ्याचं एक गाव. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून तिथेच राहतात.

महिन्याभरासाठी आम्ही तिथे एक रिकामं घर भाड्याने घेतलं होतं. मी, माझी बायको मिरान आणि सासूबाई.

सासूबाईंची स्मृती गेली होती. चालताना आधार लागायचा. अंथरूण ओलं व्हायचं. या सगळ्याचं मिरानला काही वाटत नव्हतं. तिला एकच गोष्ट लागली होती. आई तिला "ताई" म्हणायची, कधी "नर्सबाई" म्हणायची.

"मिरान" मात्र कधीच म्हणत नव्हती.

मोकळ्या हवेत ठेवून बघा, असं डॉक्टर म्हणाले होते. मिरानच्या मनाने घेतलं की डोंगरात आई एकदा तरी आपल्याला नावाने हाक मारेल. तेवढ्यासाठी आम्ही देगू शहर सोडून आलो होतो.

गाव शांत होतं. म्हातारी माणसं, मिरच्यांची शेतं आणि सकाळी सरपंचांचा भोंगा.

त्या दिवशीही तो वाजला.

"कांग मास्तरांनी आपला कुत्रा बांधावा. पुन्हा सांगतोय. यापुढे मी कुत्र्यालाच सांगेन. आणि आज श्राद्ध आहे. फाटकं उघडी ठेवा. अंगणातल्या दोऱ्या उतरवा."

थोड्या वेळाने शेजारच्या आजी आल्या; माहेर हाडोंगचं, म्हणून गाव त्यांना हाडोंगवाल्या म्हणायचं. आल्या त्या सरळ आमच्या कपड्यांच्या दोरीकडेच गेल्या.

"आजी, अहो, चादरी वाळतायत," मिरान म्हणाली.

"दिसतंय मला. डोळे शाबूत आहेत अजून." त्यांनी एक चादर खांद्यावर टाकली. "आज अख्ख्या गावाचं श्राद्ध असतं, पोरी. दरड कोसळली तेव्हा सगळे एकाच दिवशी गेले. नवी नवरी होते मी. आज ते घरी येतात. वाटेत दोरी आली की अडकतात."

"आणि या घरातले?" मी विचारलं.

"या घराचं श्राद्ध करणारं कोणी उरलं नाही. मीच एक वाटी जास्तीची ठेवते." त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जावईबापू, गाठ सोडा ती. जावयाचे हात झिजत नाहीत."

मी गाठ सोडली.

मिरानच्या माहेरची माणसं चर्चला जाणारी. श्राद्ध तिने कधी पाहिलेलंच नव्हतं. दुपारी सासूबाईंचं अंथरूण पुन्हा ओलं झालं. कोरडी चादर एकही उरली नाही, आणि कितीतरी दिवसांनी ऊन पडलं होतं.

"मागच्या अंगणात बांधते," मिरान म्हणाली. "तिकडचं कोणाला दिसत नाही."

"आजींनी सांगितलंय ना."

"मग आजीच येणार आहेत का, आईला ओल्यात झोपवायला?"

मी दोरीचं दुसरं टोक धरलं.

दिवेलागणीला गावातली सगळी फाटकं उघडली. घराघरातून तळणाचा वास येत होता. कांग मास्तरांचा कुत्रा भुंकत होता.

मग तो थांबला...

एकदम. कोणी तोंड दाबून धरावं तसा.

मी मागच्या दारात उभा होतो. वारा अजिबात नव्हता. चादरी स्थिर लटकत होत्या, आणि सासूबाई त्यांच्याकडे चालत निघाल्या होत्या.

काठीशिवाय. आधाराशिवाय.

"आई," मी हाक मारली.

त्या एका चादरीच्या मागे गेल्या. खालून त्यांचे अनवाणी पाय दिसत होते.

मग... दोरी खाली आली.

मधोमध. हळूहळू. कोणी दोन्ही हातांनी धरून लोंबकळावं तशी. चादर चिखलाला टेकली. पाय झाकले गेले.

आणि दोरी पुन्हा वर गेली.

चादरीखाली पाय नव्हते.

मी धावलो. चादर बाजूला केली. मागे कोणी नव्हतं. चिखलात अनवाणी पावलं उमटली होती. जाणारी. परत येणारी नव्हती.

तेवढ्यात घरातून आवाज आला... वाटीवर चमचा लागल्याचा.

सासूबाई जेवायला बसल्या होत्या. पाठ ताठ. पाय स्वच्छ, कोरडे.

"आई, तू स्वतः वाढून घेतलंस?" मिरान दारातच उभी राहिली होती.

सासूबाईंनी भोपळ्याच्या उकडलेल्या पानात भात गुंडाळला. "चादरी आत घ्या," त्या म्हणाल्या. "दंव पडेल."

कित्येक महिन्यांत त्या पूर्ण वाक्य बोलल्या नव्हत्या. मिरान रडायला लागली. आनंदाने.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी श्राद्धाचं ताट घेऊन आल्या. सासूबाई अंगण झाडत होत्या.

आजी फाटकातच थांबल्या. बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"दोरी बांधली होतीत," त्या मला म्हणाल्या. तो प्रश्न नव्हता.

ताट उंबऱ्यावर ठेवून त्या निघून गेल्या. सासूबाईंना त्यांनी नमस्कारही केला नाही.

सासूबाईंनी मान वर केली. "म्हातारी झाली ती," त्या म्हणाल्या.

आम्ही देगूला परत आलो. अंथरूण पुन्हा कधी ओलं झालं नाही. सासूबाई स्वयंपाक करतात, जिने चढतात. डॉक्टर चकित झाले. मिरानला त्या "घरच्या बाई" म्हणतात. अहोजाहो करतात.

नोव्हेंबरमध्ये आजींचा फोन आला. मिरान घरी नव्हती. सासूबाई माझ्यासमोर लसूण सोलत होत्या.

"जावईबापू, तुमच्या सासूला घेऊन जा."

"आजी, त्या इथेच आहेत. माझ्यासमोर."

मग त्या हळूच म्हणाल्या, "ते ठाऊक आहे मला. पण तुमच्या त्या मागच्या अंगणातून हाक येते. संध्याकाळ झाली की रोज. थंडी पडलीय आता, मला ऐकवत नाही. तुम्हीच ऐका."

त्यांनी फोन लांब धरला असावा. आधी नुसती शांतता. मग...

"मिरान... मिरान..."

आवाज मी ओळखला. आजारपणाच्या आधी सासूबाई आमच्याकडे यायच्या, तेव्हा जिन्यातूनच लेकीला अशी हाक मारायच्या.

माझ्यासमोर लसूण सोलणारे हात थांबले.

"ठेवा तो," त्या म्हणाल्या. अगदी शांतपणे.

मी फोन ठेवला.

मिरानला मी हे सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती त्याच पावली निघेल. त्या अंगणात उभी राहून ओ देईल. मग तिथून कोण परत येईल, आणि कोण तिथे राहील, मला माहीत नाही.

कामावरून आली की ती चपला काढता काढता विचारते, "आज आईने माझं नाव घेतलं का रे?"

मी नाही म्हणतो.

स्वयंपाकघरातला सुरीचा आवाज तेवढ्यापुरता थांबलेला असतो.