किरिहामाची भरती

मुरोझुमी यासुए जिना चढून वर आली आणि ओली छत्री न मिटताच दारात उभी राहिली.

"माझी आई बुडून गेली," ती म्हणाली. "आणि ती कशी बुडाली, ते मला पटत नाही."

इनुई तोमे यांनी बसायची उशी पुढे सरकवली. ओनोमिचीच्या चढावरच्या गल्लीत, चटयांच्या दुकानावरच्या माळ्यावर त्यांचं चौकशीचं कार्यालय होतं. बाई साठीच्या पुढच्या. तीस वर्षं विम्याचे दावे तपासल्यामुळे खोटं ऐकण्याचा त्यांना दांडगा सराव होता. खिडकीशी हिनोकुमा फायलींना दोरे बांधत होता. फेरीबोटीवर चाळीस वर्षं तिकिटं फाडून तो निवृत्त झाला होता आणि घरी करमत नाही म्हणून इथे यायचा. डोकं जरा सावकाश चालायचं, पण माणूस सरळ.

यासुएने सांगितलं ते असं. दोन महिन्यांपूर्वी तिचा थोरला भाऊ कोसाकु आईला घेऊन एका दिवसाच्या बससहलीला गेला. डोंगर ओलांडून उत्तरेच्या समुद्राकाठी किरिहामा म्हणून गाव आहे. जुना किल्ला, कोळ्यांची आळी आणि समुद्रात एका खडकावर लहानसं देऊळ. आई एकोणऐंशीची. तिचं डोकं आठ वर्षांपूर्वीच बिघडायला लागलं होतं. देवळाच्या खडकापाशी ती पाण्यात पडली आणि गेली.

"पोलिसांना दादा म्हणाला, मी काही पाहिलं नाही, बाजूला गेलो होतो. त्यांनी 'अपघात' लिहून कागद बंद केला. आणि एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला मामा लोकांनी विचारलं, अरे, तू होतास तर धावला का नाहीस? तेव्हा म्हणतो, ओहोटीला आई दगडांवरून खडकावर गेली. तेवढ्यात भरती चढली, दगड बुडाले, पाणी छातीला लागलं, मला पोहता येत नाही."

"होतं असं," हिनोकुमा मधेच म्हणाला. "आपल्या धक्क्यावर बघा ना. सकाळी बोट बघायला वाकावं लागतं, दुपारी मान वर करावी लागते. भरती थांबते होय कुणासाठी?"

"भावाशी तुमचं कसं आहे?" इनुईंनी विचारलं.

"भाऊ आहे." यासुएचे ओठ आवळले. "मी इस्पितळात धावत पोचले, तर हा बाकावर ताठ बसलेला. पॅन्टची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती. आई आत पांढऱ्या चादरीखाली आणि ह्याची कडक इस्त्री!"

इनुईंनी वहीत काहीतरी टिपलं.

"आईला तुम्ही शेवटचं कधी भेटलात? त्याआधी?"

"नवीन वर्षाला."

"ह्या?"

यासुएने छत्रीकडे पाहिलं. "गेल्याच्या गेल्या."

मग इनुई म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी तीच सहल आहे. आपण जाऊ. भावालाही आणा. सांगा, आईला त्या जागी फुलं वाहायची आहेत."

"तो नाही यायचा."

कोसाकु आला. त्याने साधं 'कशाला' सुद्धा विचारलं नाही.

*

बस सकाळी नऊच्या सुमारास किरिहामात उतरली. वाटाड्या बाईचं नाव तोकुरा. चाळिशीची, हातात पिवळा झेंडा, आवाज खणखणीत. दोन महिन्यांपूर्वीच्या सहलीलाही तीच होती. कोसाकुला पाहताच तिने कमरेत वाकून नमस्कार केला. तो नमस्कार जरा जास्तच वेळ चालला.

पहिला थांबा कोळ्यांच्या आळीचा. पाण्याला लागून लाकडी घरं, वर माणसं राहतात आणि खाली होड्या. एक म्हातारी दारातच बांबूवर मासे वाळत घालत होती.

"बांगडे छान आहेत," हिनोकुमा म्हणाला.

"उडते मासे आहेत ते," तोकुराने लगेच सांगितलं. "बांगडा इथे असा वाळवत नाहीत."

इनुई म्हातारीशी बोलत होत्या. "आजी, होडी घरात कशी घेता?"

"कशी म्हणजे? ओढून. पाणी दारातच असतं."

"नेहमीच?"

"मग काय, पाहुण्यासारखं येणार-जाणार? जमिनीच्या हातभर खाली असतं ते. माझ्या सासूच्या वेळीही तिथंच होतं."

हिनोकुमाला म्हातारीचा ठसका फार आवडला. तो मोठ्याने हसला.

"हिनोकुमा सान, त्या धक्क्याच्या पायऱ्या मोजा," इनुई म्हणाल्या. "पाण्याच्या वर किती आहेत?"

"पाच कोरड्या. सहावीवर हिरवं शेवाळ, वीतभर पट्टा. बाकी पाण्यात. का हो?"

"सहज."

किल्ल्याकडे जाताना बसमध्ये यासुए पुढच्या बाकावर, अगदी तोकुराच्या पाठीमागे बसली. इनुईंनी तिला सगळी हकीकत पुन्हा सांगायला लावली. भरती कशी चढली, दगड कसे बुडाले, पाणी छातीला कसं लागलं. तोकुरा ऐकत होती. तिने झेंड्याचं कापड काठीभोवती गुंडाळलं, सोडलं आणि पुन्हा गुंडाळलं. एक शब्द बोलली नाही. मागे कोसाकु खिडकीबाहेर भातशेती पाहत होता.

"चारशे वर्षांचा ना हा किल्ला?" बालेकिल्ल्याखाली हिनोकुमाने विचारलं.

"तीनशे ब्याण्णव."

"आणि पायऱ्या, पाटीवर लिहिलंय, बेचाळीस..."

"त्रेचाळीस. एक उंबऱ्याखाली दडली आहे. पाटी चुकीची आहे, मी तीनदा कळवलंय."

आत जायला सगळ्यांना बूट काढावे लागले. कोसाकु म्हणाला, मी खालीच थांबतो, आणि बुटांच्या फळीशेजारी बसून राहिला. वर चढताना इनुईंनी तोकुराला गाठलं.

"त्या दिवशी आजी वर आल्या होत्या?"

"नाही. बूट काढू देईनात. मुलगा खालीच गुडघ्यांवर बसून नाड्या सोडत होता. त्या रस्त्यात कुठेही बूट काढून चालू लागतात, म्हणून त्याने दुहेरी गाठी मारल्या होत्या. त्यांनी लाथ मारली, तोंडावर. नाकातून रक्त आलं. माझ्या रांगेतले लोक हसले. त्याने रुमाल लावला आणि सगळ्यांची माफी मागितली. मग पुन्हा गाठी बांधल्या."

"त्याला काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाल्या, हा चोर आहे, माझा मुलगा कुठाय, त्याला बोलवा." तोकुरा एक पायरी चढली आणि थांबली. "दिवसभर तेच चाललं होतं."

"आणि दुपारी, खडकापाशी? तुम्ही कुठे होतात?"

"वर. रस्त्याच्या कठड्याशी. माणसं मोजत होते."

"तिथून किनारा दिसतो?"

"धुकं असेल तर नाही दिसत."

"त्या दिवशी धुकं होतं?"

तोकुराने झेंडा उंच धरला. "मंडळी, इकडे या!" ती ओरडली आणि पुढे निघाली.

खाली उतरल्यावर इनुई कोसाकुशेजारी फळीवर बसल्या. छप्पन्न वर्षांचा माणूस. हाताची नखं अगदी बारीक कापलेली, आजाऱ्याची सेवा करणाऱ्यांची असतात तशी.

"जहाजाच्या कारखान्यात होतात ना?"

"वेल्डर. आईसाठी सोडलं."

"आता पुन्हा जाल?"

"आठ वर्षांनी कोण घेणार?" तो हसला. "हात थरथरतात. वेल्डिंगचा टाका सरळ यायला हवा."

"भरती चढायला किती वेळ लागला?"

"वीस मिनिटं. अर्धा तास. लक्षात नाही."

"माणूस घाबरला की लक्षात राहत नाही," हिनोकुमा कळवळून म्हणाला. कोसाकुने त्याच्याकडे असं पाहिलं, की हिनोकुमाला आपण काय चुकीचं बोललो तेच कळेना.

*

दुपारचे तीन. बाकीची मंडळी वर दुकानांत पांगली होती. किनाऱ्यावर तोकुरासकट पाचच जण उभे होते. समुद्र ताटलीसारखा शांत. खडकावरच्या देवळापर्यंत बारा दगड पाण्यातून ओळीने गेले होते आणि सगळ्यांचे माथे कोरडे होते. दगडांची ओळ सुरू होते तिथून वीस पावलांवर एक लाकडी बाक. इनुईंनी पहिल्या दोन-तीन दगडांवर जाऊन बाजूच्या पाण्यात एक काठी घालून पाहिली.

यासुए फुलं घेऊन पुढे झाली.

"थांबा," इनुई म्हणाल्या. "हिनोकुमा सान, त्या पलीकडच्या, सकाळच्याच धक्क्याच्या पायऱ्या इथून दिसतात. कोरड्या किती?"

"पाच." त्याने पुन्हा मोजल्या. "पाचच. म्हणजे मधे पाणी चढून परत उतरलं की काय?"

"तुम्ही आपल्या धक्क्यावर चाळीस वर्षं काढलीत. पाणी चढतं-उतरतं त्या पायऱ्या शेवाळाशिवाय कधी पाहिल्यात?"

हिनोकुमाने धक्क्याकडे पुन्हा पाहिलं. "पण मग..."

"आपला समुद्र डोंगराच्या पलीकडचा. तिथे पाणी दोन पुरुष चढतं-उतरतं, म्हणून भरती म्हटल्यावर ओनोमिचीत कुणी शंका घेतली नाही. तुम्हीही नाही, मामा लोकांनीही नाही. हा समुद्र वेगळा. इथे भरती म्हणजे वीतभर. शेवाळाचा पट्टा तेवढाच होता. म्हाताऱ्या आजीच्या घरात पाणी जमिनीच्या हातभर खाली, तिच्या सासूच्या काळापासून. तशी भरती इथे आली असती, तर अख्खी आळी वाहून गेली असती."

"वादळ असेल," यासुए म्हणाली.

"वादळात सहल काढत नाहीत. कोसाकु सान, म्हणून पोलिसांना तुम्ही भरती सांगितली नाहीत. पोलीस इथलेच, ते हसले असते. भरती घरच्यांसाठी होती."

कोसाकु दगडांकडे बघत होता.

"दगडांच्या बाजूला पाणी किती आहे, मी मघाशी काठी घालून पाहिलं. गुडघ्याएवढं. बोलता बोलता माणूस चालत जाईल. पण तुमची पॅन्ट इस्पितळातही कोरडी होती, इस्त्रीसकट. तुम्ही पाण्यात पाऊलसुद्धा टाकलं नाहीत."

"तू ढकललंस तिला!" यासुए किंचाळली.

"नाही," इनुई म्हणाल्या. "ढकलायलाही दगडांवर जावं लागतं. अरुंद दगड, झटापट करणारी बाई; इस्त्री राहिली नसती. मला वाटतं, ते बाकावर बसले होते. पुढचं तेच सांगू शकतील."

कोसाकु बोलला तेव्हा आवाज अगदी साधा होता, कुणाला पत्ता सांगावा तसा.

"तिने हात सोडवून घेतला. म्हणाली, चोरा, दूर हो. मी दूर झालो. बाकावर बसलो. ती चौथ्या दगडावर पोचली आणि घसरली, पाण्यात पालथी पडली. मला वाटलं, उठेल. मग वाटलं, नको उठू दे. दोन्हींच्या मधे किती वेळ गेला, ते मला खरंच सांगता येत नाही. बुटांची गाठ सैल झाली असेल का, एवढंच डोक्यात फिरत होतं."

हिनोकुमाला खाली बसावंसं वाटलं. बसायला तो बाकच होता. तो उभाच राहिला.

"मीही पाहिलं," तोकुरा म्हणाली.

सगळे वळले.

"वरून. धुकं नव्हतं. त्यांची हलक्या पिवळ्या रंगाची टोपी पाण्यावर दिसली. मी ओरडू शकले असते. तो बाकावर बसलेला दिसला आणि मला वाटलं, बसू दे त्याला जरा." तिचा खणखणीत आवाज आता कुठल्या कुठे गेला होता. "माझी सासू घरी आहे. सकाळी निघताना मी बाहेरून कडी लावते."

"उडत्या माशाला बांगडा म्हटलेलं तुम्हाला चाललं नाही," इनुई म्हणाल्या. "एक पायरी, आठ वर्षांचा फरक, काही चाललं नाही. आणि तुम्हाला इतक्या पाठ असलेल्या गावात छातीभर भरती आली, ती मात्र तुम्ही ऐकून घेतलीत. मला तेव्हाच कळलं, की इथे दोघंजण गप्प आहेत."

"तिघं," कोसाकु म्हणाला.

इनुईंनी मान हलवली. त्यांना हे बोलायचं नव्हतं, असं हिनोकुमाला वाटलं.

"यासुए सान, त्या इस्त्रीबद्दल मी विचारलं नव्हतं. तुम्ही आपणहून सांगितलंत, पहिल्या पाच मिनिटांत. इस्पितळातच तुम्हाला ते दिसलं होतं आणि कळलंही होतं. तुम्ही स्वतः बोलला असतात तर भावाने विचारलं असतं, की आठ वर्षं तू कुठे होतीस. म्हणून बोलायला मला आणलंत."

यासुएचा चेहरा पांढरा पडला. "मला नोकरी होती. मुलं होती."

"मी कधी विचारलं?" कोसाकु म्हणाला. "आठ वर्षांत एकदा तरी विचारलं?"

"नाही विचारलंस. म्हणून तर." तिचा आवाज फुटला. "विचारलं असतंस तर मी काहीतरी सांगितलं असतं."

फुलं तिच्या हातातच होती. तिने ती बाकावर ठेवली आणि पायऱ्या चढून बसकडे निघून गेली. मागे पाहिलं नाही.

"पोलीस चौकी बसथांब्याशेजारी आहे," इनुई म्हणाल्या. "मला नेमलं ते सत्य शोधायला. पुढचं मी करणार नाही. ते तुमचं तुम्ही ठरवा."

"ठरलेलंच आहे," कोसाकु म्हणाला. "तुम्ही फुलांचं कारण सांगून बोलावलंत, तेव्हाच."

तोकुरा त्याच्यासमोर पुन्हा वाकली. "मी पण येते. आज नाही, आज बस परत न्यायची आहे. उद्या येते."

"या," तो म्हणाला. त्याचा तिच्यावर विश्वास बसलेला दिसला नाही. रागही दिसला नाही.

चौकीला कुलूप होतं. दारावर पाटी: गस्तीवर आहे, चार वाजता परत येईन. कोसाकु पाटीसमोर उभा राहिला, हात मांड्यांना चिकटवून, शाळेत उशीर झालेल्या पोरासारखा.

बसचं इंजिन सुरू झालं. यासुएने आपल्या खिडकीचा पडदा ओढून घेतला. तोकुरा माणसं मोजू लागली. इनुई आपल्या जागेवर डोळे मिटून बसल्या होत्या. प्रकरण सुटलं की त्या नेहमीच थकत, पण आज जास्त थकल्यासारख्या दिसत होत्या.

"मी उतरतो," हिनोकुमा म्हणाला.

"त्याला पळून जायचं नाही."

"माहीत आहे. एकटा उभा आहे तो."

इनुईंनी डोळे उघडले. पाय आखडून त्याला वाट दिली.

बस वळणाआड गेली. हिनोकुमा चौकीच्या पायरीवर बसला. थोड्या वेळाने कोसाकुही बसला. हिनोकुमाने घड्याळ पाहिलं.

"चारला दहा कमी आहेत."

"चार वाजता तिला पेज भरवायचो," कोसाकु म्हणाला. "एक वाटी संपायला दीड तास लागायचा. थुंकायची. पुन्हा भरवायची." त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. "दोन महिने झाले. चार वाजले की मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहतो. मग काय करायचं ते आठवत नाही."

समोरून सायकलवर पोलीस येताना दिसला. कोसाकु उठला, शर्ट नीट केला आणि त्याच्याकडे चालत गेला.