पंधरा ऑगस्टची बस

पद्मजा साबळेनं दोन दिवसांची इटली पाच कार्डांवर बसवली होती. प्रयोगशाळेत नमुन्यांच्या नोंदींसाठी असतात तसली, आडव्या रेघांची पांढरी कार्डं. पहिल्यावर रोमचा विमानतळ, दुसऱ्यावर हॉटेल आणि जमलंच तर तिथून चालत जाण्याजोगं एक कारंजं, तिसऱ्यावर आगगाडी, पाचव्यावर परतीचा प्रवास. चौथं कार्ड कोरं होतं, आणि सगळा खटाटोप त्या चौथ्यासाठीच होता.

१९८६चा जून होता. विद्यार्थी सुट्टीवर गेल्यामुळे अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या बस रिकाम्या फिरत होत्या. पद्मजाच्या सासूबाई, तानूबाई, साताऱ्याकडच्या खेड्यातून हिवाळ्यात मुलाकडे आल्या होत्या आणि आता परत निघायच्या होत्या. त्यांचे यजमान श्रीपत साबळे मराठा पलटणीत होते. चव्वेचाळीसच्या जुलैत ते इटलीत, अरेझो शहराजवळच्या लढाईत मारले गेले. पद्मजाचा नवरा दिगंबर तेव्हा आठ महिन्यांचा होता. तानूबाईंकडे त्याचा पुरावा म्हणून एक तार होती, घडीवर फाटलेली. पद्मजानं लंडनला पत्रं लिहून पुढचं शोधून काढलं : अरेझोच्या बाहेर नऊ किलोमीटरवर सैनिकांची दफनभूमी आहे आणि तिथल्या दगडावर श्रीपत साबळे हे नाव कोरलेलं आहे.

तिकिटात रोमला थांबायची सोय होती. दिगंबर आईला मुंबईपर्यंत सोडणार होता. जागा मिळाल्या त्या चौदा ऑगस्टला रोमला उतरणाऱ्या विमानात, आणि सोळाच्या सकाळी तिथून पुढे. मधे एकच दिवस. तानूबाईंच्या हृदयाच्या डॉक्टरांनी तर स्पष्टच सांगितलं होतं, एवढा लांबचा प्रवास आता पुन्हा नाही.

अरेझोच्या प्रवासी कचेरीचं उत्तर जूनच्या शेवटी आलं. पंधरा ऑगस्टला राष्ट्रीय सुट्टी. दुकानं बंद, गावाबाहेर जाणाऱ्या बस बंद, टॅक्सीची खात्री देता येत नाही. दफनभूमीला जायचं असेल तर कृपया सोळाला जावं.

"कसली सुट्टी?" मेथी निवडता निवडता तानूबाईंनी विचारलं.

"त्यांची मेरीमाता त्या दिवशी देहासकट स्वर्गात गेली, असं मानतात."

"तुकोबांवानी?"

"तसंच काहीसं."

"मग चांगलाच दिस हाय की," म्हणत त्यांनी पुढची जुडी ओढली.

त्याच आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमाराला, फोन वाजला. पद्मजानं घेतला. ऑपरेटर बाई म्हणाली, इटलीहून पर्सन-टू-पर्सन कॉल आहे, मिसेस तानूबाई साबळेंसाठी.

"शी इज नॉट ॲट होम," पद्मजा म्हणाली आणि फोन ठेवला.

ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की तानूबाई समोरच बसल्या आहेत.

ही सवयीची चूक होती. अशा कॉलमध्ये ज्याचं नाव घेतलं ती व्यक्ती घरी नसेल तर कॉल फुकटात संपतो. त्यामुळे अमेरिकेतल्या यच्चयावत मराठी घरांनी खोट्या नावांची भाषा ठरवून ठेवलेली होती. ऑपरेटरनं 'मिस्टर हेमचंद्र आहेत का' विचारलं की समजायचं, मंडळी मुंबईला सुखरूप उतरली. घरी नाहीत म्हणायचं, फोन ठेवायचा, निरोप पोचला. पद्मजानं दहा वर्षांत कितीतरी हेमचंद्र असे परतवून लावले होते.

"अगं, कुणीतरी राँग नंबरवर कोड मारला असेल," दिगंबर संध्याकाळी हसला.

"तुझ्या आईच्या नावाचा कोड? इटलीहून?"

"यार, तू म्हणजे ना... त्या कचेरीनंच केला असेल. तू पत्रात फोन नंबर दिला होतास."

दिला नव्हता. पत्राची कार्बन कॉपी तिनं दोनदा तपासली.

जुलैत तो कॉल पुन्हा आला. या वेळी दिगंबरनं घेतला, आणि त्यानंही हसत हसत "नॉट ॲट होम" म्हणून ठेवून दिला. मग हसणं ओसरलं आणि तो टेलिफोनकडे बघत राहिला. पद्मजानं टेलिफोन कंपनीत चौकशी केली. न स्वीकारलेल्या कॉलची नोंद राहत नाही, असं उत्तर मिळालं.

"कुणाचा व्हता?" तानूबाईंनी विचारलं.

"चुकून आला आई," दिगंबर म्हणाला.

"चुकून कसा? नाव माझं घेतलं न्हवं?" त्या शांतपणे म्हणाल्या. "पुन्यांदा आला तर सांगा, येतीय म्हणावं."

चौथं कार्ड शेवटपर्यंत कोरं राहिलं. निघताना पद्मजानं नावं ठरवून दिली. रोमला उतरल्यावर मिस्टर कुमार. दगडापर्यंत जाऊन आल्यावर मिस्टर प्रसन्न. आणि काहीच वाहन मिळालं नाही तर मिस्टर अनिल.

"अनिलच येणार बघ," दिगंबर पुटपुटला. तानूबाई बाहेर गाडीत बसल्या होत्या.

मिस्टर कुमार वेळेवर आले.

पंधरा ऑगस्टला शुक्रवार होता. पद्मजानं सुट्टी घेतली. इटलीचं घड्याळ सहा तास पुढे. गाडी अरेझोला पोचायची ती तिथल्या पावणेदोनला, म्हणजे इथल्या पावणेआठला. खिडकीबाहेर शेजाऱ्यांचा स्प्रिंकलर फिरत होता. गवताचा ओला वास येत होता.

सव्वाआठला फोन वाजला. इटलीहून, मिस्टर अनिलसाठी.

"घरी नाहीत," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला दुरून आल्यासारखा वाटला.

ती टेबलापाशी बसली. तानूबाई, साठीची बाई. सोळाव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी ती तार. नऊ किलोमीटर उरले होते आणि ते चालण्याजोगं हृदय नव्हतं. उद्या सकाळी विमान.

आठ पन्नासला फोन पुन्हा वाजला.

"इटलीहून कॉल आहे," ऑपरेटर म्हणाली. "मिसेस तानूबाई साबळे आहेत का?"

दिगंबर असं नाव घेणार नाही. यादीत ते नव्हतं.

"त्या घरी नाहीत," ती सावकाश म्हणाली. या वेळी ते खरं होतं.

पण तिनं फोन ठेवला नाही. ऑपरेटरच्या आवाजामागे वारा ऐकू येत होता, मोकळ्या रानात असतो तसा. मग एका पुरुषाचा आवाज आला. तरुण होता, पंचविशीच्या आतला.

"निघाली का?" त्यानं मराठीत विचारलं.

"सर, प्लीज, बोलू नका," ऑपरेटर म्हणाली.

"हो," पद्मजा म्हणाली. "अरेझोच्या स्टेशनवर आहेत. पण आज बस नाही."

वारा.

"असू द्या," तो म्हणाला. "न्यायला येतो मी."

लाइन बंद झाली.

पद्मजानं वहीत वेळ लिहिली. जूनपासून खांद्यांवर बसलेलं ओझं कुणीतरी उतरवून घ्यावं तसं वाटत होतं. तिनं आलं किसून चहा केला आणि मागच्या पायरीवर बसून सगळा प्यायली.

सव्वाअकराला मिस्टर प्रसन्नसाठी कॉल आला.

"घरी नाहीत!" ती जवळजवळ ओरडली. ऑपरेटरच्या मागून दिगंबरचं खळखळून हसणं ऐकू आलं. ती फोनशेजारी जमिनीवरच बसली आणि मनसोक्त रडली.

दिगंबर सप्टेंबरात परतला. बॅगा तशाच ठेवून तो स्वयंपाकघरात बसला.

"स्टेशनबाहेर चिटपाखरू नव्हतं," तो सांगत होता. "तुला अनिल सांगितला आणि आईला म्हटलं, चल आता. तर ती बाकावरून उठेना. म्हणाली, थांब जरा. तासाभरानं एक छोटी निळी बस येऊन उभी राहिली. मी ड्रायव्हरला कागद दाखवला, त्यानं नुसती मान हलवली. दफनभूमीच्या दारात सोडलं आणि आमच्यासाठी थांबलाही. मी दारातल्या नोंदवहीत दगडाचा नंबर शोधतोय, तोवर आई त्या दगडापाशी जाऊन बसली होती. वाचता येत नाही तिला, पद्मजा. हात बरोबर नावावर."

"रडल्या?"

"छे. खूप दिवसांनी एवढी मोकळी दिसली. घरी गेल्यावरही मजेत आहे."

"बसमध्ये आणखी कोण होतं?" पद्मजानं विचारलं. कॉलचं तिनं अजून त्याला सांगितलं नव्हतं.

"कुणीच नाही. सगळी बस रिकामी. मजा सांगतो, मी आईशेजारी बसायला गेलो तर म्हणते, 'हितं नको, मागं बस.' मी मागच्या सीटवर. डोक्यावर पदर घेऊन खिडकीशी अंग चोरून बसली होती, सगळी वाट."

"आणि येताना?"

"येताना आपणहून सरकली." दिगंबरनं कप पुढे केला. "म्हणाली, 'ये दिगू, बस आता. जागा झाली.'"