थोरलीचं जादा वजन

मागच्या दारापाशी

विमान तोलायचं तर आधी वारा बाहेर ठेवावा लागतो. बेगमपेठच्या हँगरची दारं लोटून घ्यायची, टाक्यांतलं पेट्रोल काढायचं, आत झाडलोट करायची, आणि मग दोन चाकांखाली दोन आणि शेपटीखाली एक असे तीन काटे सरकवायचे. तिन्हींची बेरीज म्हणजे विमानाचं रिकामं वजन. त्या आकड्यांवरून आणखी एक गोष्ट काढता येते. वजन वाढलं असेल, तर ते विमानात नेमकं कुठं वाढलं. हे काम माझं होतं.

त्या वर्षी हैदराबाद राज्य मोडून सगळ्यांचीच वाटणी चालली होती. नांदेड कुठं जाणार, गुलबर्गा कुठं जाणार, यावर नारायणगुड्याच्या हॉटेलांत चहा गार होत. आमची छोटी विमान कंपनी तर मोठ्या सरकारी कंपनीत आधीच विरघळली होती. आता दिल्लीहून विचारणा आली होती: तुमच्या दोन जुन्या डाकोटा विमानांपैकी ठेवायची कुठली आणि मोडीत काढायची कुठली?

आम्ही त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचो. युद्ध संपल्यावर लष्कराकडून एकदमच घेतलेल्या. थोरली आधी उतरली, एवढंच.

थोरली नोंदीपेक्षा जड भरली. एका माणसाएवढी जादा.

"अंदर कोई बैठा है क्या साब?" युसुफभाई फोरमननं विचारलं. "पूंछ दबरई."

मी आत चढून पाहिलं. उन्हानं तापलेल्या कातड्याचा वास, रिकाम्या खुर्च्या. खाली येऊन हिशेब केला. जादा वजन मागच्या दारापाशी होतं, प्रवासी चढतात तिथं.

आमचे चीफ इंजिनिअर मुकुंदराव हसले. "विमानं म्हातारपणी जाड होतातच, एकनाथ. रंगावर रंग, अस्तरात ओल, फटीत धूळ."

खरं आहे ते. होतात.

मधल्या रांगेत

अस्तर उसवून उन्हात वाळवलं. धूळ काढली. पुन्हा तोललं.

वजन तेवढंच. पण हिशेब वेगळा आला. मी तो पुन्हा केला, मग मुकुंदरावांकडून करवून घेतला. जादा वजन आता मधल्या रांगेत होतं.

"काटे बिघडलेत," ते म्हणाले. त्याच काट्यांवर धाकटी चढवली. ती बरोबर भरली.

युसुफभाई हात पुसत होता, पुसून झाल्यावरही. "ये लड़ाई में बर्मा से आदमियां लाती थी साब. एक बार क्या हुआ..."

"सगळीच विमानं आणायची," मुकुंदराव मधेच म्हणाले. "काम करो, युसुफ."

काय झालं ते युसुफभाईनं पुढं कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

नल्लकुंटा, जेवताना

माझी बहीण तारामती नल्लकुंट्याला राहायची. तिचे यजमान हिम्मतराव थोरलीवर रेडिओ ऑफिसर होते. पायलटच्या मागं, भिंतीला लागून त्यांची खुर्ची. माणूस इतका किडकिडीत की विमानतळावर सगळे त्यांना काडी म्हणत.

"भाकऱ्या थापून थापून माझे हात दुखले, दादा," तारामती म्हणाली. "पण यांच्या अंगाला लागेल तर शपथ. शेजारणी विचारतात, नवऱ्याला उपाशी ठेवती का गं."

"वाऱ्याच्या दिवशी खिशात दगड घालून निघतो मी," हिम्मतराव म्हणाले.

ती तव्याकडे गेली तसे ते हळू आवाजात बोलू लागले. "थोरलीत हल्ली मान गार पडते. कोणीतरी मागं उभं राहून संदेश वाचतंय असं वाटतं."

"फट असेल कुठंतरी."

"फट श्वास घेते का, दादा?"

मी घास तसाच धरून त्यांच्याकडे पाहिलं. एवढ्या मोठ्या सतरंजीवर ते अगदी कडेला सरकून बसले होते. शेजारी कोणाला जागा ठेवावी तसे.

इंजिनं नवी, पंख साफ

थोरलीची इंजिनं नुकतीच नवी केलेली. पंखांत गंज नाही. उड्डाणाचे तासही कमी. धाकटीचा एक पंख दुरुस्त केलेला, इंजिनं थकलेली. कुठलीही फूटपट्टी लावा, ठेवायची ती थोरली. दिल्लीहून आलेले साहेब मान हलवत होते आणि मुकुंदराव अहवाल वाचून दाखवत होते.

मी आदल्या दिवशी तिला पुन्हा तोललं होतं. शेपटीचा काटा हलका झाला होता, म्हणजे जादा वजन चाकांच्याही पुढं सरकलं होतं. पार पुढच्या भिंतीपाशी.

हिम्मतरावांच्या खुर्चीच्या मागं.

हे कुठल्या तोंडानं सांगायचं? मी साहेबांना कळेल असं सांगितलं. "थोरली ठेवली तर प्रत्येक फेरीत एक प्रवासी कमी न्यावा लागेल, सर. कायमचा."

"वजन उतरत नाही?"

"सगळं करून पाहिलं. नाही उतरत."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. थोरली मोडीत निघाली.

व्हरांड्यात मुकुंदराव म्हणाले, "चांगलं विमान घालवलंस." चार पावलं चालल्यावर म्हणाले, "बरं केलंस."

खुर्ची

मोडीत निघालेल्या विमानातलं चांगलं ते ठेवलेल्या विमानात घालायचं, ही आमची रीत. चाकं जातात, घड्याळं जातात, इंजिनंही जातात. हिम्मतरावांनी आपली खुर्ची मागितली.

"अंगाची झालीय, दादा. धाकटीची टोचते."

"नको."

"तोलून घ्या हवी तर!"

त्यांनी थट्टेत म्हटलं. मी खरंच तोलली. खुर्ची खुर्चीएवढीच भरली.

धाकटी, खुर्चीसकट

जादा: काही नाही.

थोरलीचा सांगाडा

जादा: काही नाही.

मी हँगरच्या दारात ऊन घेत उभा राहिलो. खांदे किती आवळून धरले होते, ते सैल सोडल्यावर कळलं.

"हौ साब, गया," युसुफभाई म्हणाला. मग सांगाड्याकडे बघत राहिला.

"मगर गया किधर?"

सामानाचा काटा

धाकटीची पहिली फेरी सकाळची, नागपूरची. त्या काळी आमच्याकडे सामान, प्रवासी, कर्मचारी, सगळेच काट्यावर चढत. तारामती डबा घेऊन पोचवायला आली होती. ऊन कोवळं होतं. पायलट पंख्यांभोवती फिरून बघत होता.

हिम्मतराव काट्यावर चढले.

काटा त्यांच्या नेहमीच्या आकड्यावर आला. तिथून पुढं गेला. थांबला तेव्हा दोन माणसांएवढं वजन दाखवत होता.

"बघ!" ते तारामतीला म्हणाले. "लागल्या एकदाच्या तुझ्या भाकऱ्या."

ती पदर तोंडाला लावून हसली.

मी त्यांच्या पट्ट्याकडे पाहिलं. शेवटच्या भोकात होता. तरी सैल.

"हिम्मतराव, तुम्ही आज जायचं नाही."

"का? जड झालो म्हणून?"

"उतरा आधी."

ते उतरले. तारामतीच्या शेजारी जाऊन उभे राहिले, थोडे कडेला सरकून.

काटा अर्ध्यावर आला.

तिथं थांबला.

मग, मागून कोणी पाय खाली टाकावा तसा, सावकाश शून्यावर गेला.