पाळणा अडला तेव्हा

“पाळण्यात बसायचं वय राहिलंय का माझं?” असं म्हणत आत्याआजी आकाशपाळण्याच्या गेटापाशी जाऊन उभी राहिलीसुद्धा.

तिच्या मागे काठी टेकत तिचा धाकटा भाऊ, म्हणजे आजोबा. आणि दोघांच्या मागे दोन पिशव्या, एक छत्री आणि आत्याआजीचा स्वेटर सांभाळत त्यांची नात. घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. बेकरीत रोज पहाटे कणकेचे ढीग मळणारी ही मुलगी आठवड्याच्या एकुलत्या एका सुट्टीला जरा पडून राहिली असती, पण दोघा म्हाताऱ्यांनी महिनाभर टुमणं लावलं होतं. एकदा ते मोठं पार्क बघायचं. नुसतं बाहेरून नाही, आत जाऊन, सगळ्यात बसून.

गडबड झाली ती जेवणाची. आजोबांनी जेवणाआधीचं इन्शुलिनचं इंजेक्शन बाकावर बसल्या बसल्या घेऊन टाकलं आणि मग तिघं जेवायला गेली, तर पुढे शाळेची अख्खी सहल. अर्धा तास लागेल म्हणाले.

“आजोबा, तोवर दोन बिस्किटं तरी खा.”

“खाऊन पाळण्यात बसलं की मळमळतं. एक फेरी मारतो, मग खातो. पाच मिनिटांचं तर काम.”

पाळणेवाला पंचवीस-सव्वीस वर्षांचा होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कानामागे पेन्सिल. आजोबांचे गुडघे आणि समोरच्या पायऱ्या एकदम बघून त्याने न सांगता बाजूचं फाटक उघडलं आणि दोघांना चढणीच्या वाटेने वर नेलं. डब्यात बसवताना त्याने आजोबांची काठी आधी आत ठेवली, मग आजोबांना. भिंगरीच्या ते नजरेतून सुटलं नाही.

“तुम्ही नाही बसणार?” त्याने विचारलं.

“मी पिशव्या सांभाळते.”

“पिशव्यांनाही बसवतो की. वेगळा डबा देतो त्यांना.”

तिला हसू आलं. लपवायला तिने मान वळवली, पण उशीर झाला होता... त्याने पाहिलंच.

“उंचीची भीती वाटते?”

“उंचीची नाही. पडण्याची.”

“माझ्या पाळण्यातून आजवर कुणी पडलेलं नाही. पाच मिनिटांत दोघांना परत देतो. मोजून घ्या.”

त्याने बटण दाबलं. डबा डुलत वर निघाला. आत्याआजी काचेतून हात हलवत होती, आणि भिंगरी वर बघायचं सोडून कानामागच्या पेन्सिलीकडे बघत होती. त्यालाही बहुधा ते कळलं होतं, कारण तो उगाचच वहीत काहीतरी लिहीत होता, पेन्सिल कानामागेच ठेवून, रिकाम्या बोटांनी.

तेवढ्यात खालून एक दणका आला. जळका वास सुटला. पाळणा थांबला.

आजोबा आणि आत्याआजीचा डबा बरोब्बर वरच्या टोकाला होता.

“काय झालं?”

“मोटार,” तो म्हणाला. चेहऱ्यावरचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं. त्याने फोन लावला, बोलला, ठेवला. “इलेक्ट्रिशियन निघालाय. वीस मिनिटं तरी लागतील त्याला. घाबरू नका, डबे पक्के आहेत.”

“वीस मिनिटं नाही चालणार.” तिचा आवाज तिलाच परका वाटला. “आजोबांनी इन्शुलिन घेतलंय. पोटात काही नाही. साखर खाली आली तर...”

“कधी घेतलं?”

“झाली असतील वीस-पंचवीस मिनिटं. आणि साखरेची पूड माझ्याकडे आहे. ह्या पिशवीत.”

त्याने पार्कच्या नर्सला फोन लावून बोलावलं. मग पाळण्याच्या पायाशी असलेली लोखंडी खोली उघडून आत शिरला. तीही मागोमाग गेली. आत ग्रीसने माखलेली दातेरी चाकं होती आणि भिंतीला टांगलेलं एक लांब हँडल. त्याने ते काढून खोबणीत बसवलं.

“हाताने उतरवायचा. दोन माणसं लागतात. माझा जोडीदार जेवायला गेलाय.”

“मी आहे ना.”

“जड असतं हो.”

“मी रोज पंचवीस किलो कणीक मळते. कुठे धरू ते सांगा.”

त्याने तिला समोर उभं केलं. दोघांचे हात एकाच दांड्यावर. पहिला फेरा निघता निघेना, मग कुरकुरत चाक हललं. वर कुठेतरी लोखंड कण्हलं.

“एक डबा खाली यायला चाळीस फेरे,” तो म्हणाला. “वरून इथवर सात डबे. मध्ये हात सोडायचा नाही. सोडायचा झाला तर आधी सांगा, मी ब्रेक लावतो.”

तिने खांद्यात फोन दाबून धरला. वर आत्याआजीने पहिल्याच घंटीला उचलला.

“आत्याआजी, आजोबा कसे आहेत?”

“घाम आलाय त्याला. हवा गार आहे आणि ह्याला घाम.”

“तुझ्या पर्समध्ये गोड काही आहे का? काहीही?”

बराच वेळ खडखड ऐकू आली. “सेफ्टी पिना आहेत. चष्म्याचं पुसणं आहे. खोकल्याची गोळी आहे... पण बिनसाखरेची. तूच आणून दिली होतीस.”

भिंगरीने डोळे मिटले, पण हात थांबवले नाहीत. बावीस, तेवीस, चोवीस. समोर त्याच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्याशी येऊन थांबला होता. पुसायला हात मोकळा नव्हता.

दोन डबे सरकले. खाली आलेल्या डब्यात एक नवरा-बायको होते. नवरा काचेवर थापा मारत होता. “अहो, आम्हाला उतरवा ना आधी.”

“वर एक आजारी आहेत,” तो हँडलवरूनच ओरडून म्हणाला. “थांबलो तर त्यांना उशीर होईल. बसून राहा, पुन्हा इथेच आणतो तुम्हाला.”

थापा थांबल्या. डबा पुढे गेला.

“भिंगरे,” फोनमध्ये आत्याआजी म्हणाली. तिचा नेहमीचा ठसका गेला होता. “हा मला आई म्हणतोय.”

भिंगरीचा हात सैल पडला.

“धरा,” तो म्हणाला. “धरा. तीन डबे राहिले.”

“ते कुणाला ओळखत नाहीयेत...”

“ऐकलं मी. आता आपण दोघांनी बोलायचं नाही, नुसतं फिरवायचं. आजींना सांगा, त्यांच्याशी बोलत राहा. झोपू द्यायचं नाही.”

तिने सांगितलं. आणि मग फोनमधून आत्याआजीचा आवाज येत राहिला. ऐंशीला टेकलेली ती बाई धाकट्या भावाची आई होऊन त्याला रागे भरत होती. डोळे उघड रे धाकट्या. शाळेत जायचं नाही का? मास्तर काय म्हणतील? भिंगरीच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिच्या तळहातांना फोड आले होते. समोर तो एकेक फेरा तोंडातल्या तोंडात मोजत होता. मोजता मोजता तो एकदाच थांबला.

“मी विचारायला हवं होतं,” तो म्हणाला. “सत्तरीच्या पुढच्या माणसाला आजार, औषध, सगळं विचारूनच बसवायचं असतं. मी विचारलं नाही.”

त्या वेळी तिला त्याचा इतका राग आला होता, की बोलायला गेली असती तर नको ते बोलली असती.

डबा खाली आला तेव्हा पार्कची नर्स धावत पोचली होती. आजोबा आत्याआजीच्या खांद्यावर मान टाकून बसले होते, डोळे अर्धे उघडे. भिंगरीने साखरेची पूड पाण्यात कालवून घोट घोट पाजली. पहिला घोट गळ्याखाली जायला फार वेळ लागला. दुसरा लवकर गेला. दहा मिनिटांनी आजोबांनी डोळे नीट उघडले, चहूकडे पाहिलं आणि विचारलं, “फेरी झाली?”

आत्याआजी तोंडाला पदर लावून रडली. तिला रडताना भिंगरीने पहिल्यांदा पाहिलं.

मागे पाळणेवाला पुन्हा हँडल फिरवत होता, आता जोडीदाराबरोबर. राहिलेल्यांना उतरवत होता. नंतर प्रथमोपचाराच्या खोलीत मॅनेजर कागद घेऊन आला. काय घडलं ते लिहून द्यायचं होतं. पाळणेवाल्याने उभ्या उभ्या लिहिलं, ‘नियमाप्रमाणे प्रकृतीची चौकशी केली नाही. चूक माझी.’ सही केली, आजोबांपुढे वाकला आणि तिच्याकडे न बघता निघून गेला.

भिंगरीने आपल्या कागदावर फक्त वेळ लिहिली, स्वतःबद्दल काही नाही. घरी येऊन तिला ते आठवडाभर टोचत राहिलं. हात बरे झाले, पण कणीक मळताना समोर दुसऱ्या दोन हातांची जागा रिकामी वाटायची. राग होता. त्याच्यावर होता की स्वतःवर, हे मात्र तिला ठरवता येईना.

नवव्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. तो उभा होता. शर्ट इस्त्रीचा, हातात सफरचंदांची पिशवी.

“आजोबांना बघायला आलो होतो,” तो म्हणाला. “पत्ता पार्कच्या कागदावरून मिळाला. म्हणजे... चालेल ना?”

ती बाजूला झाली. आजोबा खिडकीशी बसले होते, आत्याआजी शेजारी विणत. आत्याआजीने त्याला नखशिखान्त न्याहाळलं.

“कामावर आहेस का काढलं?”

“महिनाभर घरी बसवलंय. मग वर्कशॉपमध्ये घेणार म्हणालेत. पाळण्यावर नाही.”

“मला वरचं काही आठवत नाही बघ,” आजोबा म्हणाले. “ह्या दोघी सांगतात ते वेगवेगळं. तू सांग, काय झालं होतं?”

त्याने समोर बसून सांगितलं. मोटार, हँडल, सात डबे. काहीही झाकलं नाही की वाढवलं नाही. मग त्याने सफरचंदांची पिशवी खाली ठेवली.

“कागदावर एक गोष्ट लिहिली नव्हती मी,” तो म्हणाला. “रोज शंभरदा विचारतो मी लोकांना, बीपी आहे का, शुगर आहे का. पाठ आहे. त्या दिवशीच का विसरलो, ते तुम्हाला सांगायला हवं. मी... तुमच्या नातीकडे बघत होतो.”

आत्याआजीची सुई विणकामात अडकली. आजोबांनी चष्मा काढला. भिंगरी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

“तुमच्या जिवावर बेतलं होतं,” तो आजोबांना म्हणाला. “रागावलात तर बरोबर आहे. पण खोटं कारण सांगून परत इथे यायचं मला जमणार नाही. आणि मला परत यायचंय.”

तो उठायला लागला.

“आजोबा,” भिंगरी म्हणाली. “इंजेक्शन घेतलंय हे मला माहीत होतं. सांगायचं माझं काम होतं. यांनी विचारलं नाही, तरी मी सांगायला हवं होतं.”

“मग का नाही सांगितलंस?”

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्या दुपारी लोखंडी खोलीत, इतक्या जवळून, तिने त्याच्याकडे एकदाही धड पाहिलं नव्हतं.

“मी पण यांच्याकडेच बघत होते.”

आजोबांनी चष्मा पुसला, पुन्हा चढवला आणि दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “म्हणजे तुमच्या बघण्यापायी मी वर लटकलो होतो.”

“हो,” दोघं एकदम म्हणाली.

“ताई, ऐकलंस?”

“ऐकलं.” आत्याआजीने सुई सोडवली. “आता इथे आमच्या डोळ्यांसमोर बसून बघा म्हणावं काय बघायचंय ते. आणि तू रे, ती सफरचंदं चिर. पण आधी विचार, कुणाला चालतात ते.”

त्याने विचारलं. एकेकाला, नीट, घेतलेल्या औषधांसकट. शेवटी भिंगरीपाशी आला, तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

“तुम्हाला?”

“मला चालेल,” ती म्हणाली, आणि सुरी आणायला आत गेली नाही. तिथेच, त्याच्याशेजारी बसली.