आरशावरची शाल

बाधा म्हणजे पीडा. ती कशाची, हे शब्द सांगत नाही, माणसं ठरवतात. आपल्याकडे बाधा ‘आली’ की पाहणाऱ्यानं तोंड फिरवायचं आणि घरातला आरसा झाकून ठेवायचा, अशी रीत. पोरांनो, ही हकीकत त्या रीतीची आहे.

अकोटच्या सिंधूताई माझ्या ओळखीच्या. ११ डिसेंबर २०१५, शुक्रवार, दुष्काळाचं साल. कार्तिकी अमावास्या दुपारीच सरली होती. अंधार मात्र तिचाच. घराला कुलूप घालून त्या लिंबं आणि काळे उडीद आणायला गेल्या. यजमान पुण्यात नोकरीला. घरात फक्त सासरे, अडुसष्ट वर्षांचे चिंतामणराव, संस्कृतचे निवृत्त शिक्षक. दोन महिन्यांपासून ते माणसं विसरत, वर्षापूर्वी वारलेल्या पत्नीशी, गोदाबाईंशी बोलत, मध्येच अंगाला झटके येत. आता तर त्यांना पलंगावरून उठवतही नव्हतं. डॉक्टरांना विसरणं सांगितलं, झटके नाहीत. ते देवऋष्याचं काम! डॉक्टरांनी वयोमान ठरवलं. देवऋषी उद्या येऊन सगळी औषधं बंद करणार होता.

शेजारचे शफीकभाई ओट्यावर बसलेले. ‘‘काय वो भाभी, लोणचं घालून राहिल्या का?’’

‘‘उतारा हाये उद्या.’’

ते हसले नाहीत. ‘‘गुरुजीले दवाखान्यात न्या. जीप उभीच हाये माही.’’

‘‘दाखोलं ना, भाऊ. काही निंघालं नाही.’’

कुलूप काढून त्या आत आल्या आणि वीज गेली. मेणबत्ती लावली.

‘‘सिंधू... थे उभी हाये.’’

‘‘कोण, मामाजी?’’

‘‘गोदा... तुह्या मांगं.’’

मग झटका. सिंधूताईंनी तोंड फिरवलं.

समोर आरसा. उघडा.

सकाळीच त्यांनी स्वतः त्यावर सासूबाईंची शाल टाकली होती...

आरशात सासऱ्यांचा चेहरा. तोंडाचा डावा कोपरा ओढला गेला. त्याच क्षणी डावा हात. तीन सेकंद. थांबलं.

पुन्हा. तोच कोपरा... तोच हात.

पुन्हा...

अर्ध्या तासात अकरा वेळा. भूत इतकं मोजूनमापून धरतं?

‘‘शफीकभाई! जीप काढा!’’

अमरावतीच्या डॉक्टरांनी विचारलं, ‘‘हे आधी काहून नाही सांगितलं?’’

‘‘पाह्यलंच नव्हतं, साहेब.’’

तपासण्यांतून उलगडलं: शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटली होती. आणखी उशीर झाला असता तर स्मरण कायमचं गेलं असतं. उपचारांनी चिंतामणराव सावरले. ते दोन महिने मात्र त्यांना आजही आठवत नाहीत.

परतल्यावर शाल सापडली. आरशाखालच्या फळीवर, चौघडी घातलेली, काठ आत दुमडलेला. तशी घडी त्या घरात एकट्या गोदाबाई घालत.

लोक सांगतात, गोदाबाईंनी नवऱ्याला धरलं आणि लिंबांनी सोडवलं. चूक. धरलं रोगानं, लिंबं पिशवीतच वाळली. आणि गोदाबाईंनी त्या रात्री काही केलंच असेल... तर त्याला ‘धरणं’ म्हणत नाहीत.