तंबूतला धोंडा

विश्वास ठेवू नका, माझी हरकत नाही. पण यातलं काहीही मी रचलेलं नाही. रचायचंच असतं तर स्वतःला जरा शूर दाखवलं असतं.

मागच्या वर्षीचा एप्रिल. दुसरा शनिवार, संध्याकाळचे साडेपाच. टेक्सासमधल्या एल पासोपासून दोन तासांवर, वाळवंटातल्या डोंगराच्या पायथ्याचं कॅम्पग्राउंड. मी आणि माझी मोठी बहीण इमेल्दा.

एप्रिलमधला तिथला वारा कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही. म्हणून आमच्याकडे एक नियम आहे. तंबू रिकामा सोडायचा नाही. एकाने वजन म्हणून आत बसायचंच.

त्या माणसाला आम्ही धोंडा म्हणतो.

"आज धोंडा तू," मी म्हणालो.

"मी? गोर्दो, घरचा डोंगर असताना?"

गोर्दो म्हणजे जाड्या. इमेल्दाने मला जन्मात कधी नेस्टर म्हटलेलं नाही. आजीच्या अंत्यविधीतसुद्धा नाही. पाद्र्यासमोर.

पण पाणी संपलं होतं आणि तिला दमा आहे. धुळीत ती नको, म्हणून मीच निघालो. तिचा दम्याचा पंप नेहमीप्रमाणे माझ्या खिशात, कारण तिच्या पँटचे खिसे नुसते शोभेचे.

"पाच मिनिटांत येतो. हलू नकोस."

"धोंडे हलतात का रे?"

परत आलो तर इमेल्दा गाडीपाशी उभी.

"अगं, तंबूत कोण आहे मग?"

"कोणी नाही."

तेवढ्यात शेजारचा तंबू उडाला. निवृत्त दंतवैद्य थॉर्नक्विस्टसाहेबांचा. दोन तास सूचनांचा कागद वाचून उभा केलेला. "माझ्या चपला!" ओरडत ते त्याच्यामागे पळाले.

मला हसू आलं.

मग मी आमच्या तंबूकडे बघितलं...

तो जागचा हलला नव्हता. कापड फडफडत होतं, दांड्या वाकत होत्या. पण तळ जमिनीला घट्ट चिकटलेला.

आत कुणीतरी बसल्यासारखा.

आणि आतून... खोकला आला.

तो खोकला मी सव्वीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकत आलोय. दोन बारीक, एक लांब, मग शिट्टी.

"गोर्दो... पंप दे ना."

मी वळून पाहिलं. इमेल्दा गाडीपाशीच होती. तोंड बंद. एवढ्या धुळीत ती एकदाही खोकली नव्हती.

"चल, निघू या," ती म्हणाली. "नेस्टर."

मी पंप तिच्यापुढे धरला. "घे."

"मला कशाला?"

तंबूतली शिट्टी आता बारीक होत चालली होती. छातीत हवाच नसल्यासारखी. मी धावलो. चेन उघडली.

आत कोणी नव्हतं.

दोन स्लीपिंग बॅग. माझी वाऱ्याने फुगलेली. तिची मात्र दबलेली. मधोमध, माणसाएवढा खळगा.

"गोर्दो..." खळग्यातून.

मी हात घातला. हाताला काहीच लागलं नाही. मी उचलणार कुणाला? धरणार काय? पंप तेवढा खळग्यात ठेवला.

मागे गाडीचा हॉर्न वाजला. एकदा... दोनदा... मग थांबेचना.

मी गेलो. जी दिसत होती, तिला घेऊन घरी गेलो. तुम्ही काय केलं असतं?

आठवड्याने तिथल्या रेंजरबाईंचा फोन आला. तंबू अजून उभा होता. चार जणांनी ओढूनही उचलला गेला नाही, म्हणाल्या. मी एकटा गेलो, तर कागदासारखा हातात आला.

आत पंप होता. मी ठेवला तेव्हा नवाकोरा, दोनशे फवाऱ्यांचा. आता त्यावरचा आकडा शून्यावर.

त्या दिवसापासून इमेल्दाला दम्याचा त्रास नाही. डॉक्टर खूश आहेत. आईने चर्चमध्ये मेणबत्त्या लावल्या.

मी दर महिन्याला एक नवा पंप त्या जागेवर दगडाखाली ठेवून येतो. जुना परत आणतो. रिकामा.

मागच्या वेळचा मात्र तसाच भरलेला होता. एकही फवारा कमी नाही.

मी तासभर तिथे बसलो. हाका मारल्या. वारा होता फक्त...

घरी आलो तर जेवणाच्या टेबलाशी इमेल्दा माझी वाट बघत होती.

"आता जायची गरज नाही ना, नेस्टर?" ती म्हणाली.

मी कुठे जातो, ते मी तिला कधीच सांगितलं नव्हतं.