मुलगी ऐकायचा कार्यक्रम

त्याची नि माझी ओळख झाली, ती मी त्याच्या कॉम्प्युटरचा प्लग उपटला म्हणून.

आदिलाबादची थंडी म्हणजे काय ते इथं राहणाऱ्यालाच ठाऊक. हात बगलेत घालून मी वाचनालयाच्या मागच्या खोलीत शिरले. फोन बंद पडायला आला होता आणि भिंतीवर चालू बोर्ड एकच. त्यात एक प्लग आधीच होता. पण तो ज्या कॉम्प्युटरचा होता, त्याची स्क्रीन काळी ठिक्कर! समोर एक मुलगा कानांवर हेडफोन चढवून बसलेला. बंद कॉम्प्युटरसमोर गाणी ऐकतोय, याचं काय बिघडणार? मी खुशाल प्लग काढला आणि माझा चार्जर घातला.

"अवो! कोनं बंद केलं?" तो उडालाच.

"बंदच होता तो."

"बंद? मी टाइप करून राह्यलो होतो ना बाई! सगळी बोंडअळी गेली माही!"

"स्क्रीनवर काहीच नव्हतं. तुमाले दिसत नायी का?"

"नायी," तो म्हणाला. अगदी सहज, वेळ सांगावी तसं. "मले काहीच दिसत नायी. म्हनून स्क्रीन बंदच ठेवतो, उगाच काऊन जाळायची? पन तुमाले तर दिसते ना? मंग माही बोटं चालून राह्यली होती, ते नायी दिसलं?"

बोटं मला खरंच दिसली नव्हती. जाड चष्म्यातूनही मला माणसाचा फक्त आकार दिसायचा... नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की नजर अशीच हळूहळू जाणार. ही गोष्ट आमच्या घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हती. आणि का कोण जाणे, या अनोळखी मुलापुढे माझ्या तोंडून निघून गेलं, "मले बी... कमीच दिसते."

मग तो असा खळखळून हसला की मलाही हसू आवरेना.

"बसा मंग," त्यानं खुर्ची सरकवली. "माही बोंडअळी मारली, आता भरपाई म्हनून माह्या मशीनचं ऐका."

त्याचं नाव नागसेन. इंद्रवेल्लीचा. तेलुगूतून मराठी भाषांतराची कामं करायचा आणि आठवड्यातून दोनदा इथं येऊन बसायचा. त्या दिवशी कापसावरच्या बोंडअळीचं माहितीपत्रक तो करत होता, तेच मी उडवलं होतं. त्यानं कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, हेडफोन माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "नाव लिहा तुमचं."

मी चाचपडत कळा दाबल्या आणि कानात कुणीतरी म्हणालं, प्रतिभा.

मग त्यानं इंटरनेटवरची एक मराठी बातमी उघडली. मशीन वाचू लागलं. न अडखळता, न थकता, पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत! वर्षभर मी एक पान वाचलं नव्हतं. बाबा रोज संध्याकाळी मला पेपर वाचून दाखवायचे आणि मध्येच त्यांचा आवाज बसायचा. माझ्या काळजीनं बसायचा तो, मला कळायचं. आणि इथं...

"अवो, हे वाचते! मराठी वाचते!" मी ओरडलेच.

"मेल्लगा अम्मा, मेल्लगा!" हळू बोलायला सांगत बाहेरून वाचनालयाच्या काकांनी दटावलं.

"किती पैसे लागतात याले?" मी कुजबुजले.

"फुकट."

"फुकट म्हंजे काही तरी खोट असन."

"खोट कायची? आंधळ्यांनीच सुरू केलं, आंधळ्यांसाठी." त्यानं खिशातून पेन ड्राइव्ह काढून माझ्या तळहातावर ठेवला. "एनव्हीडीए म्हनतात याले. याच्यात हाय. कोनत्याही कॉम्प्युटरले लावा, बोलाले लागते."

लोक फुलं देतात म्हणे. मला पेन ड्राइव्ह मिळाला, आणि मी तो उशीखाली घेऊन झोपले!

मग मी त्याच्या येण्याच्या दिवशी वाचनालयात जाऊ लागले. शिकायला... हो, शिकायलाच. एकदा त्याचा हेडफोन कानाला लावला तर आत नुसतं चिरचिर, चिरचिर.

"हे काय? खार शिरली का याच्यात?"

"मराठीच हाय. मी जोरात पळवतो. सवय झाली की समजते."

"मले बी समजन."

"पैज?"

"पैज!"

झालं. मी हट्टालाच पेटले. मशीनचा आवाज त्याच्याकडून फोनमध्ये भरून घेतला. घरी पोळ्या लाटताना कानात मशीन, अंगणात बसले की कानात मशीन. दर खेपेला तो वेग थोडा वाढवायचा आणि काहीतरी लिहून ऐकवायचा.

"बोला, काय म्हनलं?"

"चहा पिता का म्हनलं."

"मंग?"

"साखर कमी."

चहाची टपरी रस्त्यापलीकडे होती. कापसाचे ट्रक अंगावरून गेल्यासारखे जायचे. "माहं कोपर धर," पहिल्यांदा तो म्हणाला, तेव्हा 'तुमी'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. एका हातात पांढरी काठी, दुसऱ्या कोपराला मी. रस्ता ओलांडून झाला तरी मी कोपर सोडलं नाही, आणि त्यानंही आठवण करून दिली नाही.

एक दिवस मशीन भर्रकन म्हणालं, तुझा आवाज मले लय आवडते.

"काय म्हनलं?" त्यानं विचारलं. आवाज जरा कापरा.

माझे कान तापले होते. "नायी समजलं," मी खोटं बोलले.

"समजन," तो हळूच म्हणाला. "हळूहळू..."

लबाड! त्याला कळलं होतं, मला कळलं ते.

पण घरी भैंशाहून एक स्थळ आलं होतं. मुलगा डोळस, कपड्यांचं दुकान. मग मीच एकदा धीर करून नागसेनचं नाव काढलं. बाबा, म्हणजे भिवाजी गुरुजी, अख्खी हयात मराठी शाळेत शिकवलेले. त्यांनी हातातला पेपर घडी करून बाजूला ठेवला.

"तो पुरा आंधळा. तू उद्या होशीन," ते म्हणाले. "एका घरात एक तरी नजर पाह्यजे ना, पोरी? आमी गेल्यावर तुले कोन वाचून दाखवन?"

एवढंच त्यांचं दुखणं होतं. मी त्यांच्यावर रागावूही शकले नाही.

"एकदा येऊ तर द्या त्याले," मायनं, द्वारकाबाईनं, माझी बाजू घेतली. "नायी पटलं तर भैंशाचं हायच."

रविवारी तो त्याच्या आईला, आशाबाईंना घेऊन आला. जय भीम झाला, चहा झाला. बाबा घसा खाकरत म्हणाले, "आता मुलगी पाहाले आले म्हनावं तर..."

"मी पाहाले नायी आलो, गुरुजी," नागसेन म्हणाला. "ऐकाले आलो."

माय पदरात तोंड लपवून हसली. बाबा हसले नाहीत. त्यांनी कमाई विचारली, गॅस कसा पेटवतो विचारलं, आणि मग म्हणाले, "त्या मशीनचं लय कवतिक ऐकलं. लाव पाहू."

नागसेननं लॅपटॉप मांडीवर घेतला. हेडफोन नाही, आवाज मोठा. कळा भराभर वाजल्या आणि खोलीभर झालं... चिरचिर चिरचिर!

"हे काय? तेलुगू हाय का?" बाबांनी विचारलं.

"मराठी हाय, गुरुजी. प्रतिभाले समजलं असन."

सगळे माझ्याकडे वळले. मला शब्दन् शब्द समजला होता.

प्रतिभा, त्या दिवशी तू प्लग काढला, तवापासून माहं काहीच जागेवर नायी. मले तुह्यासंगं राह्याचं हाय. तुहं हो असन तर हे सगळ्यांले मोठ्यानं सांग. नसन तर कापसाचा भाव वाचला म्हन. कोनाले काही समजनार नायी. मी चहा पिऊन निघून जाईन.

माझ्यासाठी त्यानं दार उघडं ठेवलं होतं. कुणाला कळू न देता नाही म्हणायचं दार. माझं काळीज असं धडधडत होतं की वाटलं, तेही त्याला ऐकू जात असेल.

"कापसाचा भाव," मी म्हणाले.

कीबोर्डवर चाळा करणाऱ्या त्याच्या बोटांची टकटक थांबली.

"हा? किती हाय भैंशाच्या बाजारात?" बाबा लगेच पुढे सरकले.

"कापसाचा भाव सांग म्हनते हा, बाबा... माहं नायी असन तर." माझा आवाज चढला. "पन मी काऊन सांगू? त्याले माह्यासंगं राह्याचं हाय म्हनते!"

आशाबाईंच्या हातातली बशी खणखणली. नागसेननं जो श्वास सोडला, तो शेजारच्या घरीही ऐकू गेला असेल. बाबा मात्र मलाच विचारत होते, "तुले त्या चिरचिरीतलं एवढं समजलं?"

"हाव, बाबा."

"आमी चांगले डोळ्याचे, आमाले नायी समजलं." त्यांचा आवाज बसला, पेपर वाचताना बसायचा तसाच. "म्हंजे आता पेपर तूच वाचून दाखवशीन मले?"

"रोज."

बाबांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. मग खुर्ची ओढून नागसेनच्या अगदी जवळ बसले.

"पुन्हा लाव रे. पन आता माह्या वेगानं. पोरीले काय म्हनला, ते मले बी ऐकू दे."

"गुरुजी, नको ना..." नागसेन कानापर्यंत लाल झाला असणार. मला दिसत नव्हतं, पण आवाजावरून कळत होतं.

"लाव!"

मशीन सुरू झालं. निवांत, एकसुरी, बैलगाडीच्या चालीनं. प्र-ति-भा... त्या दिवशी... तू प्लग काढला... सगळं घर श्वास रोखून ऐकत होतं. मी उठले, त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि सगळ्यांसमोर त्याचं कोपर धरलं.

मशीन अजून कापसाच्या भावापाशी पोचायचं होतं. मला कुठला दम निघतोय? मी त्याआधीच हो म्हणून टाकलं.